आवारातला वारसा : वापर, पाणी आणि पैसा

1857 साली देशात तीन विद्यापीठे निघाली. जानेवारीत कलकत्ता, जुलैत मुंबई, सप्टेंबरात मद्रास. तिन्ही लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेली. म्हणजे स्वतः न शिकवणारी, परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी. अशा विद्यापीठाला वर्गखोल्या लागत नाहीत. पदवीदानाला एक दालन, अधिसभेला बसायला जागा आणि जमलेच तर एक ग्रंथालय, एवढे पुरते. पुढच्या वीस-बावीस वर्षांत तिघांनाही आपापली देखणी वास्तू मिळाली. त्यानंतरचे नशीब मात्र तीन तऱ्हांचे निघाले. कलकत्त्याचे खांबांच्या भव्य रांगेचे सिनेट हाऊस 1960 मध्ये विद्यापीठानेच पाडले. त्या जागी शताब्दी इमारत उभी करायची होती. मद्रासचे सिनेट हाऊस मरीना किनाऱ्यासमोर आजही उभे आहे, पण कित्येक वर्षे ते जवळजवळ बंद पडून होते. विद्यापीठाची दीडशे वर्षे भरत आली, तेव्हा कुठे त्याची नीट दुरुस्ती झाली. मुंबईचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई मनोऱ्याखालचे ग्रंथालय मात्र ज्या कामासाठी बांधले, त्याच कामासाठी आजही उघडतात.

एकाच वर्षी जन्मलेल्या तीन संस्था, जवळपास एकाच काळातल्या तीन वास्तू, आणि शेवट तीन. दैवावर सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. विद्यापीठांच्या आवारातल्या जुन्या इमारती कशाने टिकतात आणि कशाने जातात, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या तिघांत आहे. महाराष्ट्रातल्या आणि मराठी माणसाचा संबंध असलेल्या आसपासच्या काही आवारांकडे त्या नजरेने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू. स्थापत्यशैलीच्या कौतुकाला आपल्याकडे लेखकांचा तुटवडा नाही. छपराच्या पन्हळींवर मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

सुरुवात मुंबईपासूनच करावी लागते. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी 1863 मध्ये विद्यापीठाला एक लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि मागाहून आई राजाबाई यांच्या नावाने मनोरा बांधायला आणखी दोन लाख. या आकड्यांमागे अमेरिकेतले यादवी युद्ध आहे. 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपले, भाव कोसळले, 1865 मध्ये बँका बुडाल्या आणि खुद्द प्रेमचंदही बुडाले. देणगी तेवढी आधीच दिलेली होती म्हणून वाचली. कापसाच्या सट्ट्यातून आलेल्या पैशापैकी जो दगडात गेला तोच आज दिसतो, बाकीचा गेला.

आराखडे केले सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, लंडनमध्ये बसून. स्कॉट हे त्या काळचे गॉथिक पुनरुज्जीवनाचे मोठे नाव. ते भारतात कधीच आले नाहीत. सभागृहाला त्यांनी फ्रेंच गॉथिक वळण दिले, ग्रंथालयाला आणि मनोऱ्याला व्हेनिसचे. सभागृह 1874 मध्ये पुरे झाले. मनोऱ्याचा पाया 1 मार्च 1869 रोजी घातला गेला आणि काम नोव्हेंबर 1878 मध्ये संपले. स्कॉट त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते, म्हणजे मुंबईतली आपली सर्वांत उंच वास्तू पुरी झाल्याचे त्यांना कळलेही नाही. दोनशे ऐंशी फुटांचा हा मनोरा तेव्हा शहरात सर्वांत उंच होता.

पण या वास्तू स्कॉटच्या, असे म्हणून थांबणे बरोबर नाही. कागद लंडनचा, हात इथले. कुर्ल्याचा दगड, पोरबंदरचा पिवळसर चुनखडीचा दगड, छपराला सागवान आणि कोरीव काम इथल्या कारागिरांचे. मनोऱ्यावर उंच कोनाड्यांमध्ये चोवीस पुतळे आहेत. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसे आपापल्या पागोट्यांसह आणि पेहरावासह तिथे उभी आहेत. त्यांचे नमुने सहायक अभियंता मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. खालून मान कितीही मागे टाकली तरी ते नीट दिसत नाहीत. व्हेनिसच्या धर्तीच्या मनोऱ्यावर संतांऐवजी आपल्याकडची माणसे चढवावीत, हा विचार ज्या कोणाला सुचला त्याला दाद द्यायला हवी, आणि मुकुंद रामचंद्रांचे नाव स्कॉटइतके नाही तरी त्याच्या निम्म्याने तरी घेतले जायला हवे. राजाबाईंना दृष्टी नव्हती, जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळण्याआधी जेवायचे तर वेळ कळावी म्हणून लेकाने घड्याळाचा मनोरा बांधला, ही कथा मुंबईत सगळे सांगतात. कथा गोड आहे. पण मनोऱ्याची ओळख तेवढ्यावरच संपते, हे काही चांगले नाही.

या वास्तू टिकल्या त्याचे पहिले कारण वापर. सभागृहात दीक्षान्त समारंभ होत राहिले, ग्रंथालयात वाचक येत राहिले. विद्यापीठाचा मोठा पसारा पुढे कलिन्याला गेला, पण कुलगुरूंची कचेरी फोर्टच्या आवारातच राहिली. माझ्या मते त्या आवाराचे सर्वांत मोठे संरक्षण हेच. जिथे कुलगुरू बसतात त्या छपरातून पाणी टिपकायला लागले की आठवड्यात माणूस शिडी घेऊन येतो. जिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेले असतात तिथे दहा पावसाळे कोणी वर बघत नाही. दुसरे कारण कायद्याचे. बृहन्मुंबईसाठी 1995 मध्ये वारसा नियमावली आली, ती देशातली पहिली. तिने इमारतींच्या तीन श्रेणी लावल्या आणि राजाबाई मनोरा पहिल्या श्रेणीत गेला. 30 जून 2018 रोजी ओव्हल मैदानाभोवतीचा सगळा परिसर, एका बाजूचे व्हिक्टोरियन आणि दुसऱ्या बाजूचे आर्ट डेको, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तिसरे कारण चांगली दुरुस्ती. दीक्षान्त सभागृहाचे काम आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झाले. मनोरा आणि ग्रंथालयाचे काम बृंदा सोमय्या यांच्या कार्यालयाने केले. त्याला टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा पैसा होता, पुढाकार इंडियन हेरिटेज सोसायटीचा होता आणि ते 2015 मध्ये संपले. दोन्ही कामांना युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत स्थान मिळाले. रंगीत काचा उतरवून, शिशाच्या पट्ट्या बदलून पुन्हा बसवणे हे काम सोनाराच्या पेढीवर शोभावे असे आहे. सभागृहाच्या मोठ्या गोल खिडकीतल्या बारा राशी आज स्वच्छ दिसतात त्या त्यामुळे.

आता पुण्याकडे. गणेशखिंडीतली मुख्य इमारत विद्यापीठासाठी बांधलेलीच नाही. ते मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान. काम 1864 मध्ये सुरू झाले, 1871 मध्ये संपले, वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर, आणि काळ पुन्हा तोच, कापसाचा. खर्च इतका वाढला की उधळपट्टीचा बोभाटा झाला. इंग्लंडच्या राणीच्या ऑस्बोर्न हाऊसची छाया या इटालियन थाटाच्या इमारतीवर आणि तिच्या मनोऱ्यावर आहे, असे जाणकार सांगतात आणि चित्रे शेजारी ठेवली तर ते पटते.

मराठी माणसाच्या लेखी मात्र या वास्तूची खरी तारीख 22 जून 1897. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट याच इमारतीतून रात्री निघाले आणि गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्यांना गाठले. जिथून ती गाडी निघाली तिथेच बावन्न वर्षांनी पुणे विद्यापीठ बसले. 10 फेब्रुवारी 1949 रोजी स्थापना, पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. सुरुवातीचे काही महिने कारभार भांडारकर संस्थेच्या निजाम अतिथिगृहातून चालला. मग बाळासाहेब खेरांच्या सरकारने दिलेल्या चारशे एकरांहून अधिक जागेत विद्यापीठ आले. गव्हर्नरच्या मेजवान्यांची दालने अधिसभेच्या आणि कारभाराच्या कामी लागली. 2014 मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले आणि 2022 मध्ये मुख्य इमारतीच्या आवारात त्यांचा पुतळा बसला. परक्या सत्तेची वास्तू आपली कशी करावी, याचे याहून सरळ उदाहरण मला महाराष्ट्रात तरी आठवत नाही. पाडली नाही, नाक मुरडले नाही, वापरायला घेतली.

वापरायला घेण्याची किंमतही असते, आणि ती सगळ्याच आवारांत मोजावी लागते. गव्हर्नरच्या घरात दोनशे संगणक नव्हते. दालनांचे कप्पे पडतात, प्लायवूडच्या भिंती उभ्या राहतात, उंच छत झाकून खाली खोटे छत येते, वातानुकूलन यंत्रांच्या पेट्या कमानींच्या पोटात बसतात आणि त्यांचे पाणी वर्षानुवर्षे त्याच दगडावर ठिबकते. यातले एकही काम कोणी वाईट हेतूने करत नाही. विभाग वाढतो, माणसे वाढतात, बसायला जागा नसते. पण वीस वर्षांनी खोटे छत काढावे तर वरची सागवानी तुळई वाळवीने पोखरलेली निघते, कारण तिच्याकडे वीस वर्षे कोणाची नजरच गेलेली नसते.

पुण्यातच येरवड्याच्या टेकडीवरचे डेक्कन कॉलेज वेगळा धडा देते. संस्थेचे मूळ 1821 चे. पेशवाई बुडाल्यावर तीन वर्षांनी विश्रामबागवाड्यात दक्षिणा निधीच्या पैशावर निघालेली संस्कृत पाठशाळा. 1864 मध्ये ते डेक्कन कॉलेज झाले आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून येरवड्याला काळ्या दगडाची गॉथिक इमारत उठली, 1868 मध्ये पुरी झाली. आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. मुंबईतले जुने सचिवालय त्यांचेच आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुख्य इमारतही त्यांच्याच काळातली, त्याच घराण्याची. या कॉलेजात टिळक शिकले, आगरकर शिकले. टिळकांची खोली आजही जपलेली आहे. 1934 मध्ये सरकारने काटकसरीसाठी कॉलेज बंद केले. इमारत ओस पडायची, पण माजी विद्यार्थी कोर्टात गेले: देणगी ज्या कामासाठी दिली ते काम सरकारला असे सोडता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. अखेर 1939 मध्ये ती वास्तू पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडली. हसमुख सांकलिया आणि इरावती कर्वे तिथे आले, आणि पुढे संस्कृतचा महाकोश याच आवारात सुरू झाला. वारसा कायदा नव्हता, वारसा समिती नव्हती, युनेस्कोचा जन्म व्हायचा होता. देणगीपत्रातल्या अटींनी इमारत वाचवली. आज जे जुन्या विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात त्यांनी हा खटला जरूर वाचावा.

सर जे. जे. कलाशाळेचे आवार फोर्टच्या गर्दीत असूनही अजून झाडांचे आहे. शाळा 1857 ची, मुख्य इमारत 1878 ची. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावर इथे शिकवणाऱ्या जॉन लॉकवूड किपलिंग यांचे कोरीव काम आहे आणि शेजारच्या रेल्वे स्थानकाच्या दगडावरचे मोर, माकडे, पानेफुले कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. म्हणजे या आवाराचा वारसा त्याच्या कुंपणाबाहेर अर्ध्या फोर्टात पसरला आहे. आवारातला लाकडी बंगला पाहायला पर्यटक येतात ते त्यांचा मुलगा, लेखक रुडयार्ड किपलिंग याचे जन्मघर म्हणून. त्याचा जन्म 30 डिसेंबर 1865 रोजी याच आवारात झाला खरा, पण आजचा बंगला 1880 च्या दशकातला, म्हणजे त्याच्या जन्मानंतरचा. बंगला सुंदर आहे, जपायलाच हवा, आणि त्याला किपलिंगच्या टेकूची गरज नाही. कित्येक वर्षे अधिष्ठाते तिथे राहत, आणि मुंबईसारख्या शहरात लाकडी बांधकाम एवढे टिकले यातच त्याचे मोल आहे.

मराठी राज्यकर्त्याने बांधलेली विद्यावास्तू पाहायची तर महाराष्ट्राबाहेर बडोद्याला जावे लागते. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा कॉलेजची इमारत 1880 च्या सुमाराची, वास्तुविशारद रॉबर्ट फेलोज चिझम. मद्रासचे सिनेट हाऊस याच चिझमचे. बडोद्याला त्याने विजापूरच्या गोलघुमटाकडे पाहिले आणि दगडविटांचा असा घुमट चढवला की देशातल्या सर्वांत मोठ्या घुमटांत त्याची गणना होते. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले तेव्हा ही इमारत कला विद्याशाखेकडे आली. एकाच वास्तुविशारदाच्या दोन इमारती, आणि मद्रासची धूळ खात असताना बडोद्याच्या घुमटाखाली वर्ग भरत होते. मुद्दा तोच.

गोव्याने तिसरा मार्ग धरला. पणजीच्या मांडवीकाठी 1842 पासूनच्या वैद्यकीय शाळेचे जुने संकुल. महाविद्यालय बांबोळीला गेले, जुन्या इमारतीला काम उरले नाही आणि 2004 मध्ये चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा ती त्याच्या कामी आली. विद्या गेली, वास्तू राहिली. हा मार्ग वाईट नाही, पण दुसरी निवड म्हणूनच बरा. महोत्सव वर्षातून काही दिवस चालतो आणि बाकीच्या महिन्यांत दिवे कोण लावतो हे पाहावे लागते. गोवा विद्यापीठ स्वतः ताळगावच्या पठारावर सतीश गुजराल यांनी आखलेल्या नव्या आवारात आहे. ते आवारही आता चाळिशीच्या घरात आले, म्हणजे त्याच्याकडेही लवकरच वारसा म्हणून बघावे लागणार.

वापर असूनही इमारत जाते ती पाण्याने, आणि पाणी शिरते ते बहुधा दुरुस्तीमुळेच. हे जरा सविस्तर सांगायला हवे. जुनी भिंत दगडाची असली तरी दरजा चुन्याच्या असतात. चुना मऊ, सच्छिद्र. भिंतीत शिरलेली ओल दरजांतून बाहेर पडते, उन्हाळ्यात भिंत सुकते. पावसाने दरज झिजली की ती खरवडून पुन्हा चुन्याने भरायची, हे काम दर काही वर्षांनी करायचेच असते. झाले असे की चुना मळणारे गवंडी कमी झाले, सार्वजनिक बांधकामाच्या दरपत्रकात सिमेंट आले आणि दरजा सिमेंटने भरल्या जाऊ लागल्या. सिमेंट पाणी आत घेत नाही हे खरे, पण आतले बाहेरही सोडत नाही. मग ओल दगडातून वाट काढते, तिच्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात आणि पोरबंदरी दगडासारखा मऊ दगड असेल तर त्याचे पापुद्रे सुटू लागतात. शंभर वर्षे टिकलेली कोरीव पाने पंधरा वर्षांत बोथट होतात. वरून कोणीतरी तैलरंगाचा हात मारतो, कारण पाहुणे येणार असतात, आणि उरलीसुरली छिद्रेही बुजतात.

कोणत्याही जुन्या कॉलेजात जून महिन्यात जा आणि दर्शनी कमानीकडे न बघता छपराच्या कडेकडे बघा. दगडी पन्हळीत पानांचा लगदा असेल. त्या लगद्यात पिंपळाचे बोटभर रोप असेल. कावळ्याने टाकलेले बी. ते आज हाताने उपटता येते. पाच वर्षांनी त्याचे मूळ दोन दगडांच्या मधून आत गेलेले असते, मग नुसते कापून भागत नाही, ते पुन्हा फुटते. दहा वर्षांनी कंगोरा ढळतो. तेव्हा संरक्षक जाळी लागते, समिती बसते, सल्लागार नेमला जातो, अंदाजपत्रक कोटींत जाते. सुरुवातीला लागत होता तो एक माळी, एक शिडी आणि मे महिन्यातला एक दिवस.

इथे पैशाचा प्रश्न येतो. मोठ्या दुरुस्तीला पैसा मिळतो. कंपन्या सामाजिक दायित्वाचा निधी देतात, शासन शतकोत्तर वर्षात विशेष अनुदान जाहीर करते, कोनशिला बसते, छायाचित्रे निघतात. दरवर्षी पन्हळी साफ करायला मात्र स्वतंत्र लेखाशीर्ष नसते. किरकोळ दुरुस्तीचा पैसा पूर्ण आवारासाठी एकच. त्यात वसतिगृहांचे नळ, प्रयोगशाळांच्या वायरी आणि प्राध्यापकांच्या सदनिकांचे दरवाजे आधी येतात. ते येणे चुकीचेही नाही, नळ नसेल तर विद्यार्थी बोंब मारतात, पन्हळ बोंब मारत नाही. त्यात सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याचा नियम. चुन्याचे काम कमी दरात होत नाही: चुन्याची कळी भिजवून मुरवावी लागते, घाणीत मळावी लागते, आणि काम करणारा गवंडी शोधावा लागतो. कमी दराचा ठेकेदार अर्थातच सिमेंटची गोणी घेऊन येतो. दोष त्याचा फार थोडा.

म्हणून मला जागतिक वारसा दर्जाबद्दल अभिमान असला तरी भरवसा कमी आहे. दर्जा पाडकाम रोखतो, दर्शनी भागाला हात लावू देत नाही. गळती तो रोखत नाही. शिवाय तो मुंबईच्या एका पट्ट्यापुरता आहे. महाराष्ट्रातल्या तालुक्या-जिल्ह्याच्या गावांत 1920 ते 1960 दरम्यान लोकवर्गणीतून उभी राहिलेली कॉलेजे आहेत, मंगलोरी कौलांची, लांब व्हरांड्यांची, मधे चौक असलेली. हवामानाचा विचार त्यांत आजच्या काचेच्या इमारतींपेक्षा किती तरी जास्त आहे. ती कोणत्याही यादीत नाहीत आणि मूल्यांकन समितीची भेट ठरली की आधी कौले उतरतात आणि पत्रा चढतो.

यादीत काय येते हा प्रश्न निघालाच आहे तर थोडे आणखी. आपल्या मनात विद्यापीठीय वारसा म्हटले की टोकदार कमान उभी राहते. पण तेव्हाच्या औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आणि त्याचे नागसेनवन हे आवार घ्या. बांधकामाकडे स्वतः बाबासाहेबांचे लक्ष होते. मराठवाड्यातल्या किती तरी घरांतला पहिला पदवीधर इथून निघाला. शेजारी 1958 मध्ये विद्यापीठ आले, त्याला आज बाबासाहेबांचेच नाव आहे. किंवा हिंगण्याची महर्षी कर्व्यांची 1900 सालची झोपडी. पुढे 1916 मध्ये निघालेल्या महिला विद्यापीठाची मुळे तिच्यात आहेत. झोपडीला कसली शैली? पण राजाबाई मनोऱ्याशी तिची बरोबरी करायला मी कचरणार नाही. कोणत्या इमारतीत काय घडले, हा निकष शैलीच्या निकषाइतकाच वजनदार मानला तर आपल्या याद्या निम्म्याने तरी बदलतील.

आणि जे अजून जुने झालेले नाही त्याचे काय? अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत लुई कान यांनी बांधलेली विटांची वसतिगृहे आहेत. डिसेंबर 2020 मध्ये संस्थेने अठरापैकी चौदा पाडण्याचे ठरवले. विटा झडत होत्या, भूकंपात इजा झाली होती, आत राहणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता, हे सगळे खरे होते. जगभरातून आरडाओरडा झाला, 1 जानेवारी 2021 रोजी निर्णय मागे घेतला गेला, पण विषय मिटला नाही. पुढे संस्था पुन्हा पुनर्बांधणीच्या वाटेने गेली. त्याच आवारातले विक्रम साराभाई ग्रंथालय सोमय्यांच्याच कार्यालयाने दुरुस्त केले आणि त्याला 2019 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. एका आवारात, एका वास्तुविशारदाच्या दोन वास्तूंबाबत दोन निकाल. पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था पाहताना हे आठवते. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेले ते संकुल, चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन, आणि भोवती काळ्या दगडाच्या भिंती. गणेशखिंडीतल्या जुन्या इमारतीइतकेच ते महत्त्वाचे आहे असे मी म्हणेन, आणि त्याची मूळ रेखाचित्रे, वापरलेल्या मालाच्या नोंदी, पाण्याच्या वाटांचे नकाशे आज व्यवस्थित लावून ठेवणे हे उद्याच्या दुरुस्तीचे पहिले काम आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या इमारतींची निम्मी पंचाईत अशी की नळ भिंतीत कुठून गेले हे कोणालाच माहीत नसते.

राहता राहिला प्रश्न दाराचा. विद्यापीठाचे आवार सार्वजनिक पैशाचे आणि सार्वजनिक देणग्यांचे, पण सामान्य माणसाला ते बाहेरूनच दिसते. सुरक्षेची अडचण समजण्यासारखी आहे. परीक्षा, गोपनीय कागद, विद्यार्थिनींची वसतिगृहे. तरीही महिन्यातून एखादा रविवार ठरवून, वाटाड्यासह लोकांना आत घेण्यात काय बिघडते? विद्यापीठांकडे इतिहासाचे विभाग आहेत, वास्तुशास्त्राची महाविद्यालये आहेत. वाटाडे विद्यार्थीच होऊ शकतात, त्यांना श्रेयांक द्या. लोकांनी एकदा आतला जिना, आतले छत पाहिले की तिथे प्लायवूड ठोकणे अवघड जाते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्या तुकडीचा रौप्य किंवा सुवर्णमहोत्सव येईल, वर्गणी निघेल आणि कोणीतरी प्रवेशद्वाराशी नवी कमान बांधण्याची सूचना करील. ती कमान बांधू नका. तोच पैसा ठेवीत टाका, व्याजातून दर मे महिन्यात जुन्या इमारतीच्या पन्हळी साफ करून घेण्याची आणि दरजा चुन्यानेच भरण्याची अट कागदावर लिहून घ्या. आणि जूनच्या पहिल्या पावसात एक जण जाऊन छत बघून या.